बोकड कोण राखणार, वही कोण लिहिणार?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण. बोलणार : बचत गट समन्वयक, मुरुम, ता. उमरगा, जि. धाराशिव)

चुलीपाशी असाल, शेरडांमागं रानात असाल, तर हातातलं काम चालू ठेवूनच ऐका. आज हप्ता, कर्ज, व्याज यातलं काही बोलायचं नाही. आज बोलायचं आहे शेळीबद्दल, आणि शेळीच्या निमित्तानं आपल्या लेकीसुनांच्या येत्या दहा वर्षांच्या कामाबद्दल.

आपल्या दारात जी काळी, लांब कानांची शेळी बांधलेली असते, तिचं सरकारी दप्तरातलं नाव आहे 'उस्मानाबादी'. जिल्ह्याचं नाव आता धाराशिव झालं, शेळीचं मात्र तेच राहिलं. तिचं मूळ घर म्हणून तुळजापूर, लातूर, उदगीर हा पट्टा सांगतात. लातूर, उदगीर १९८२ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते, हे जुन्या बायांना आठवत असेल. पूर्ण वाढलेली शेळी सरासरी ३२ किलोच्या आसपास भरते. ऊन सोसते, बाभळीच्या शेंगांवर आणि बांधावरच्या पाल्यावर निभावते, दोन वर्षांत तीन वेतं देते आणि बऱ्याचदा जुळी देते. देशातल्या जनावरांच्या जातींची नोंद हरियाणात कर्नालला एक राष्ट्रीय संस्था ठेवते. त्या नोंदीत आपल्या शेळीचं नाव आहे. म्हणजे आपल्या जिल्ह्याचं नाव देशभर नेणारी ही एक मोठी ठेव बायांच्या दावणीला आहे.

आता आजचा प्रश्न. ही जात सुधारायचं सरकारी संशोधन चालू आहे, पुढं आणखी वाढणार आहे. त्या कामाला माणसं लागणार. ती माणसं कोण असणार? बाहेरून येणारी, की आपल्या गटातली?

आधी हे संशोधन काय ते सांगतो. १९७१ साली केंद्र सरकारच्या कृषी संशोधन परिषदेनं शेळी सुधाराचा अखिल भारतीय प्रकल्प सुरू केला. त्याचं मुख्य ठाणं उत्तर प्रदेशात मथुरेजवळ मखदूम इथं केंद्रीय शेळी संशोधन संस्थेत आहे. देशातल्या वेगवेगळ्या जातींसाठी वेगवेगळी केंद्रं आहेत. आपल्या राज्यात संगमनेरी शेळीचं काम राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडं आणि उस्मानाबादीचं काम साताऱ्यातल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेकडं आहे. शिवाय राज्याच्या शेळी-मेंढी विकास महामंडळाचं एक प्रक्षेत्र आपल्या तुळजापूर तालुक्यात तीर्थ इथं आहे.

या प्रकल्पाचं काम प्रयोगशाळेत बंद दाराआड होतं असं समजू नका. त्यातलं मोठं काम गोठ्यात होतं. शेळीपाळणाऱ्या घरांची नोंद करायची, करडाच्या कानात बिल्ला मारायचा, जन्मताच वजन करायचं, मग तीन, सहा, नऊ आणि बारा महिन्यांनी पुन्हा वजन करायचं. आई कोण, बाप कोण, एकटं जन्मलं की जुळं, आईला दूध किती, हे लिहायचं. अशा पुष्कळ नोंदी जमल्या की शास्त्रज्ञ हिशोब मांडतात आणि कोणत्या बोकडाची पोरं चांगली निघतात ते ठरवतात. मग तो बोकड पैदाशीला ठेवतात. सगळी इमारत उभी आहे ती गोठ्यातल्या वहीवर.

हे आपल्याला अवघड वाटायला नको, कारण बी राखायचं शास्त्र आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. ज्वारीचं खळं झालं की सासूबाई भरदार, टपोऱ्या दाण्याची कणसं बाजूला काढायच्या आणि आढ्याला टांगायच्या. घरात पीठ संपलं तरी त्या कणसांना हात लागत नसे. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी असंच गावठी बियाणं राखलं आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ज्वारीचं बी आपण राखतो. आणि शेळीचं? कळपातलं सगळ्यात जोमदार बोकड-करडू सगळ्यात आधी विकलं जातं. बकरी ईद आली, जत्रा आली की व्यापारी दारात उभा राहतो, बरोबर त्याच करडावर बोट ठेवतो आणि भावही त्याचाच चांगला देतो. मागं राहतं ते कुणी न घेतलेलं, किरकोळ. पुढच्या वर्षी तेच शेळ्यांना लागतं. म्हणजे चांगली कणसं दळून खायची आणि पोचट दाणा पेरायचा, असं आपण शेळीच्या बाबतीत करतो आहोत.

यात कुणाही बाईचा दोष नाही. पोरीची फी भरायची असते, दवाखाना असतो. एकट्या घराला चांगला बोकड राखणं परवडत नाही. म्हणूनच ही गटाची गोष्ट आहे.

बोकडाला एवढं महत्त्व का, ते साध्या हिशोबानं बघा. प्रत्येक करडाला निम्मं आईकडून मिळतं, निम्मं बापाकडून. एक शेळी सगळ्या आयुष्यात दहा-बारा करडं देईल. पण समजा एका बोकडाकडं ३० शेळ्या लागल्या आणि सरासरी दीड करडू धरलं, तर एकाच हंगामात त्याची ४५ पोरं झाली. शेळी चांगली निघाली तर एक घर सुधारतं, बोकड चांगला निघाला तर आळी सुधारते. आणि बोकड वाईट निघाला तर आळी बिघडते.

आता एक फसवी जागा सांगतो. चांगला बोकड म्हणजे दिसायला मोठा, असं आपण धरतो. समजा दोन शेळ्या एकाच वेळी व्याल्या. एकीला एकच करडू, तीन महिन्यांत ते ११ किलो झालं. दुसरीला जुळी, दोन्ही ९-९ किलोची झाली. बाजारात ११ किलोचं उठून दिसतं. तेच पैदाशीला ठेवावं असं वाटतं. पण त्याला आईचं सगळं दूध एकट्याला मिळालं होतं. जुळ्यांच्या आईनं मात्र १८ किलो वाढवून दाखवली. आपण नुसतं डोळ्यांनी निवडत गेलो, तर हळूहळू एकेकच करडू देणाऱ्या शेळ्यांचा कळप तयार होईल आणि उस्मानाबादीचा जो खरा गुण, जुळं देण्याचा, तोच हरवेल. हे टाळायचं तर वहीत एक शब्द लिहिलेला लागतो : 'एकटं' किंवा 'जुळं'. एवढ्या एका शब्दाची किंमत फार मोठी आहे.

आता तुम्ही म्हणाल, विज्ञान एवढं पुढं गेलं, रक्ताच्या थेंबावरून सगळं कळतं, मग वही कशाला? ते खरंच पुढं गेलंय. ५ ऑक्टोबर २०२४ ला आपल्याच राज्यात वाशिमला पंतप्रधानांच्या हस्ते गायी-म्हशींसाठी जनुकीय चिप जाहीर झाली. गायीसाठी 'गौ चिप', म्हशीसाठी 'महिष चिप'. जनुक म्हणजे आईबापाकडून पोरात उतरणारा गुणाचा धागा. वासरू लहान असतानाच नमुना घेऊन त्याच्या जनुकांवरून ते पुढं कसं निघेल याचा अंदाज बांधायचा, असं हे तंत्र आहे. पण चिपला आपण होऊन काही कळत नाही. कोणता धागा असला की दूध वाढतं, हे तिला आधी शिकवावं लागतं, आणि शिकवण्यासाठी हजारो जनावरांच्या खऱ्याखुऱ्या नोंदी लागतात. वही नाही तर चिप आंधळी. उद्या शेळीमध्ये असं काम वाढेल, तेव्हा नोंदीची गरज कमी होणार नाही, वाढेल.

फलटणच्या त्याच संस्थेनं मेंढीवर केलेलं काम यासाठी समजून घेण्यासारखं आहे. आपली दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनात गरोळ नावाची लहानखुरी मेंढी आहे, ती दोन-दोन, तीन-तीन कोकरं देते. तिच्यातलं जुळ्यांचं जनुक तिथल्या शास्त्रज्ञांनी दख्खनी मेंढीत आणलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची आणि ऑस्ट्रेलियाची त्यात मदत होती. जी मेंढी तयार झाली तिला 'नारी सुवर्णा' म्हणतात. कोकरात ते जनुक आलं की नाही हे रक्ताच्या तपासणीतून कळतं. पण कोकरू जगलं का, आईचं दूध दोघांना पुरलं का, हे धनगराच्या वाड्यावर जाऊन बघणारं, वजन करणारं, लिहिणारं माणूस लागलंच. शिवाय मेंढीच्या जुळ्यांमागं एकच मोठं जनुक सापडलं. शेळीचं वजन किंवा दूध यामागं असं एक जनुक नसतं, पुष्कळ जनुकं थोडा थोडा हात लावतात. तिथं नोंदीवाचून वाटच सापडत नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, या संशोधनाला पुढच्या काळात ज्या हातांची गरज आहे, ते हात आजच तयार करायला घेतले पाहिजेत. कोणती कौशल्यं, कुणी, केव्हा शिकायची, ते आता सांगतो. कागद-पेन असेल तर घ्या, नसेल तर पोराला लिहायला बसवा.

पहिल्या वर्षाची कौशल्यं. एक, वजन करणं. टांगायचा काटा आणि करडू बसेल अशी झोळी एवढंच लागतं. काटा रोज शून्यावर आहे का बघायचं. दोन, बिल्ला ओळखणं आणि आकडा बिनचूक उतरवणं. सरकारी बिल्ल्यावर बारा आकडे असतात, त्यातला एक चुकला की जनावर बदललं. तीन, वही. व्यायल्याची तारीख, आईचा बिल्ला, बोकडाचा बिल्ला, एकटं की जुळं, नर की मादी, वजन. चार, खरं लिहिणं. हे कौशल्य आहे बरं का. वजनाचा दिवस चुकला तर रकाना मोकळा ठेवायचा, अंदाजानं भरायचा नाही. रानात कोणत्या बोकडाला शेळी लागली माहीत नसेल, तर 'माहीत नाही' असं लिहायचं. मोकळ्या रकान्यानं हिशोब अडत नाही, खोट्या आकड्यानं सगळा हिशोब नासतो.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची कौशल्यं. शेळीचा माज ओळखणं : शेपूट हलवते, ओरडते, चारा सोडते, पुन्हा पुन्हा मुतते. साधारण २१ दिवसांनी माज पुन्हा येतो. तो दिवस लिहिला की गाभण राहिली का ते कळतं, आणि पाच महिन्यांनी व्यायची तारीखही काढता येते. त्याबरोबर बोकड निवडायला शिकणं, आणि नको असलेले बोकड वेळेवर दवाखान्यात खच्ची करून घेणं, म्हणजे चरायला गेल्यावर घोटाळा होत नाही. आणि नातं जुळू न देणं. बोकडाच्या पाठी, म्हणजे लेकी, आठ-दहा महिन्यांत माजावर येतात. तोच बोकड तिथंच राहिला तर लेकीलाच लागतो. अशी पिढी मरतुकडी निघते, वाढ खुंटते. म्हणून दोन वर्षांच्या आत बोकड हलवायचा. मुरुमचा आलूरला, आलूरचा बेळंबला, बेळंबचा येणेगूरला, येणेगूरचा मुरुमला. विकत घ्यायला नको, अदलाबदल पुरते. पण कुठला कुठं गेला हे वहीत पाहिजे.

त्याच्या पुढचं कौशल्य कृत्रिम रेतन. चांगल्या बोकडाची रेतमात्रा, जिला आपण कांडी म्हणतो, ती द्रवरूप नायट्रोजनच्या भांड्यात उणे १९६ अंशांच्या थंडीत ठेवतात. ती योग्य ऊबेला वितळवून योग्य वेळी शेळीला द्यायची असते. साताऱ्यातल्या म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशननं गावच्या बायांना शेळीच्या कामाचं असं शिक्षण दिलं आहे, आणि त्या बाया गावोगाव फिरून रेतन करतात. लोक त्यांना शेळीच्या डॉक्टर म्हणतात. म्हसवड काही आपल्याहून पावसापाण्याचं गाव नाही. तिथल्या बायांना जमतं ते इथल्यांना जमेल.

पाचव्या वर्षापासून पुढचं. रक्ताचा किंवा केसांचा नमुना घेणाऱ्या माणसाबरोबर उभं राहणं, नळीवर नाव-आकडा चिकटवणं, नमुना थंड ठेवून पाठवणं. मोबाईलवर किंवा संगणकावर नोंदी चढवणं आणि त्यातून आपल्या गावाचा तक्ता काढणं. आणि आपल्या शाळेतल्या मुलींसाठी पुढची वाट आतापासून बघणं. उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, परभणीला आहे. बारावी विज्ञान करून नीट परीक्षा दिली तर मुलगी जनावरांची डॉक्टर होऊ शकते. डॉक्टर झालेल्या काही जणी पुढं जनुकशास्त्रही शिकतील. आज सातवीत असलेली पोर दहा वर्षांनी या प्रकल्पात अधिकारी म्हणून याच गोठ्यात यायला काय हरकत आहे? पण त्यासाठी आठवी-नववीत तिचं गणित-विज्ञान सुटता कामा नये, आणि सतराव्या वर्षी तिच्या लग्नाची बोलणी होता कामा नयेत. हेही कौशल्याचंच नियोजन आहे.

शिकायला कोण बसेल? एकट्या शिकलेल्या सुनेला पुढं करू नका. कोणत्या शेळीची आजी कोण, कुणाच्या वेतात तिळी झाली होती, कुणाच्या पिलांना दूध पुरत नाही, हे साठीच्या मावशीला तोंडपाठ असतं. लिहिता तिला येत नसेल. सुनेला लिहिता येतं, पण माज ओळखता येत नाही. दोघींची जोडी लावा. एकीचा डोळा, एकीची लेखणी.

आता पैशाचं बोलू, कारण बाईचं काम म्हटलं की ते फुकट धरायची सवय सगळ्यांना आहे. आमच्या गटातल्या बाया मागं एका कार्यक्रमाला गेल्या होत्या. दिवसभर त्यांनी शेळ्यांचे पाय धरले. वजनं बाहेरून आलेल्या पोरांनी लिहिली, भत्ता त्यांना मिळाला, आणि संध्याकाळी वही त्यांच्याबरोबर गेली. आमच्या बायांना चहा मिळाला. असं पुन्हा होऊ द्यायचं नसेल तर कामाचा दर आधी ठरला पाहिजे.

हिशोब खरा मांडू, फुगवून नको. समजा ४० घरं, १२० शेळ्या आणि वर्षाला २०० करडं. काही लवकर विकली जातात, म्हणून करडामागं तीनच वजनं धरू. झाली ६०० वजनं. एका वजनाला १५ रुपये धरले तर वर्षाला ९,००० रुपये, महिन्याला ७५०. यावर घर चालत नाही. म्हणून नुसती नोंद करणारी बाई तयार करून भागणार नाही. जंताच्या औषधाची आठवण, आंत्रविषार आणि पीपीआरच्या लसीकरणाच्या दिवशी डॉक्टरांना मदत, विम्याचे कागद, पुढं रेतन, ही सगळी कामं एका पशुसखीकडं जोडली तर तिचा महिना उभा राहील. नोंदीचे पैसे ज्याला नोंद हवी त्यानं द्यावेत, सेवेचे पैसे शेळीवालीनं द्यावेत. मात्र एक हद्द पाळायची : इंजेक्शनं, उपचार हे डॉक्टरांचं काम आहे. पशुसखीनं डॉक्टर होऊ नये, डॉक्टरांना वेळेवर बोलवावं. उलटंसुलटं औषध दिलं आणि शेळी मेली तर गावचा विश्वास तिथंच संपतो.

बोकड राखायचाही हिशोब आहे. समजा व्यापारी सहा महिन्यांच्या करडाला ८,००० देतो. तेवढेच गटानं फिरत्या निधीतून द्यावेत, म्हणजे त्या बाईचं नुकसान होत नाही. एक नाही, दोन-तीन करडं राखावीत आणि नऊ महिन्यांच्या वजनावर त्यातला एक कायम करावा, बाकीची विकावीत. शेळीमागं १०० रुपये लावणावळ घेतली, ३० शेळ्यांचे तीन हंगाम धरले, तर ९,००० होतात. खुराकाचा खर्च त्यातून पुरा निघणार नाही, पण काम झालेला भरदार बोकड शेवटी ईदेला विकता येतोच. आणि मोठी उडी घ्यायची असेल, तर केंद्राच्या पशुधन अभियानात २०२१ पासून शेळीपालनाच्या मोठ्या घटकाला निम्मं अनुदान आहे. १०० शेळ्या आणि ५ बोकडांच्या घटकाला कमाल १० लाखांपर्यंत. बचत गटांनाही अर्ज करता येतो. पण उरलेले पैसे, जागा आणि अनुभव लागतो. वही लिहायची सवय नसताना शंभर शेळ्या घेऊ नका, हे आमचं कळकळीचं सांगणं.

दोन हक्क मात्र घट्ट धरा. पहिला, बिल्ल्याची नोंद बाईच्या नावानं. शेळी बाई सांभाळते आणि नोंदीत मालक म्हणून नवऱ्याचं नाव लागतं. उद्या विमा, अनुदान, भरपाई त्याच नावावर येते. अर्धलीनं शेळ्या सांभाळणाऱ्या भूमिहीन बायांचं तर नाव कुठंच नसतं. त्यांचं नाव निदान गटाच्या वहीत, वाट्यासकट लिहा. दुसरा हक्क, वहीची एक प्रत गावात. संशोधनाला नोंदी आनंदानं देऊ, पण मूळ वही किंवा तिची नक्कल ग्रामसंघाच्या कपाटात राहील. कोणता बोकड चांगला ठरला हे आम्हालाही कळवा, असंही मागा. ज्यांनी माप दिलं त्यांना निकाल कळायलाच हवा.

असं काम बायांना झेपेल का, अशी शंका घरातूनच येईल. त्यांना १९९३ ची आठवण द्या. ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आपल्या उमरग्याच्या, लोहाऱ्याच्या गावांत घरं पडली. पुढं घरं दुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात आपल्या भागातल्या बाया 'संवाद सहायक' म्हणून उभ्या राहिल्या. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं त्यांना एकत्र आणलं. सिमेंट, सळई, भिंतीचं बांधकाम हे तोवर बाईचं काम मानलं जात नव्हतं. त्या बाया ते शिकल्या, गावाला समजावून सांगितलं आणि अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले. त्यांच्याच लेकीसुना आज गटात बसतात. भिंत समजून घेणं जमलं, तर घरचं करडू मोजणं का जमणार नाही?

आणि हे जगात दुसरीकडंही चालतं. आफ्रिकेत इथिओपियाच्या बोंगा भागात २००९ पासून गावोगावच्या मेंढपाळांनी असंच काम उभं केलं. नोंदी लिहिणारा गावचाच माणूस नेमला. गावच्या समितीनं नोंदी बघून आणि नर डोळ्यांनी पारखून, दोन्ही मिळून निवड केली. चांगले नर सहकारी संस्थेनं विकत घेतले आणि वाटून वापरले. शास्त्रज्ञ होतेच, पण निवडीच्या वेळी मालक बाजूला बसलेला नव्हता. आपल्याकडं तर बचत गट आधीच आहेत, हिशोबाची सवय आहे, ग्रामसंघ आहे. त्यांना जे नव्यानं बांधावं लागलं ते आपल्याकडं तयार आहे.

तर पुढच्या बैठकीत इतिवृत्तात तीन ठराव लिहा. पहिला, गटातल्या सगळ्या शेळ्यांची मोजणी, कुणाच्या दारात किती, बिल्ला आहे का, नोंद कुणाच्या नावानं. दुसरा, दोघींची एक जोडी निवडायची आणि तिला तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात शिकायला पाठवायचं. येण्याजाण्याचं भाडं गटानं द्यायचं, आणि परत आल्यावर तिनं सगळ्यांना शिकवायचं. तिसरा, या वर्षी जुळ्यातलं, चांगल्या आईचं एक तरी बोकड-करडू ईदेला जाऊ द्यायचं नाही, ते गटानं विकत घ्यायचं. काट्याला आणि वहीला मिळून जो खर्च येईल तो दंडाच्या आणि व्याजाच्या पैशातून भागेल.

एखादीच्या मनात येईल, आमच्या दोन शेळ्या, त्यांनी संशोधनाला काय हातभार लागणार? २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात १ कोटी ६ लाख शेळ्या भरल्या. त्या मोठ्या फार्मवर नाहीत. त्या दोन-दोन, चार-चार अशा दारोदारी आहेत. जात जिवंत आहे ती तिथंच, म्हणून तिचा अभ्यासही तिथंच करावा लागतो. प्रकल्पाचा माणूस उद्या गावात येईल आणि विचारेल, 'इथं नोंदी ठेवणारं कुणी आहे का?' तेव्हा उत्तर द्यायला आपली जोडी तयार पाहिजे, काटा तयार पाहिजे, आणि कामाचा दर ठरावात लिहिलेला पाहिजे.

पेन खाली ठेवायच्या आधी दाव्याला बांधलेल्या करडांकडं एकदा बघून या. कोण एकटं, कोण जुळं, बाप कोण, एवढं आजच लिहून ठेवा. नमस्कार.